कूलर खाली आला

बुटीबोरीत पाडव्याची साफसफाई पंचांग पाहून सुरू होत नाही. होळी पेटते, दुसऱ्या दिवशी धुळवडीला पोरं हिरवी-जांभळी होऊन येतात, आणि मग एका दुपारी घरातलं कोणीतरी मानेवरचा घाम पुसत म्हणतं, "कूलर काढा ना आता." तिथून घराची शांतता जी संपते ती थेट गुढी उभी राहीपर्यंत.

विदर्भाबाहेरच्या वाचकांना याचं गांभीर्य कळायचं नाही. त्यांच्याकडे कूलर म्हणजे चाकांवर फिरणारं प्लॅस्टिकचं खेळणं. आमचा कूलर लोखंडी पत्र्याचा, छातीएवढा, तीन बाजूंना ताट्या आणि चौथ्या बाजूला पंखा. उन्हाळाभर तो खिडकीबाहेर स्टँडवर बसतो आणि घरात त्याचं वागणं अगदी कर्त्या पुरुषासारखं असतं: त्याचा आवाज चालू असला की दुसऱ्या कोणाचं ऐकू येत नाही, आणि तो बंद पडला की सगळं घर त्याच्याभोवती गोळा होतं. पाऊस लागला की तो सज्ज्यावर चढतो. तो उतरवायला चार माणसं लागतात. एक धरतो, तिघं सांगतात.

पण खरी अडचण त्याच्या वजनाची नाही, पोटाची आहे. रिकामा कूलर ही गोष्ट विदर्भात अस्तित्वातच नाही. तो सज्ज्यावर गेला रे गेला की कोणाच्या तरी लक्षात येतं, अरे, याच्या आत केवढी जागा आहे! भाद्रपदात महालक्ष्म्या उठल्या की त्यांच्या मखराच्या पट्ट्या आत जातात. दिवाळीनंतर आकाशकंदील आणि लाइटच्या माळा जातात. संक्रांतीच्या हळदीकुंकवात पाच घरांतून आलेल्या एकसारख्या प्लॅस्टिकच्या वाट्या जातात. मार्चमध्ये कूलर खाली येतो आणि ही सगळी मंडळी एका दुपारीत बेघर होतात. त्यांना जागा करायला कपाट उघडावं लागतं, कपाटातल्यांना जागा करायला दिवाण, आणि दिवाण उघडला की सासूबाई मांडी घालून त्याच्यासमोर बसतात. म्हणजे आता आज स्वयंपाक होणार नाही.

आमचं बुटीबोरी नागपूरहून वर्धा रोडनं साधारण तीस किलोमीटर. हैदराबादकडे जाणारा आणि वर्ध्या-यवतमाळकडे जाणारा असे दोन्ही रस्ते इथे फुटतात, त्यामुळे दोन्हीकडची धूळ आमच्याच खिडकीत उतरते. एमआयडीसी एवढी मोठी की पाहुण्याला गेटवर उतरून चालत येतो म्हणू देत नाहीत. इथे पॉलिस्टरचा धागा निघतो, टायर निघतात. इतकंच काय, आसपासच्या कारखान्यांतल्या घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारा प्रकल्पसुद्धा आमच्याच एमआयडीसीत आहे. ज्या रसायनाच्या गाळाचं नाव वाचताना जीभ अडखळते, त्याचा तिथे नियमानुसार निकाल लागतो. सासूबाईंच्या बिनझाकणाच्या चिनीमातीच्या बरणीचा निकाल मात्र कोणत्याही नियमात बसत नाही.

बरणीला झाकण नाही, हे खरं. पण घरात एक झाकण असं आहे की त्याला बरणी नाही. दोन्ही एकमेकांना लागत नाहीत, तरी दोन्ही ठेवलेली आहेत. सासूबाईंचं कायद्याचं पुस्तक एका वाक्याचं आहे: "ठेव बाई, कामी येते." या कलमाला तीन पोटकलमं आहेत. एक, आपल्या कामी येते. दोन, आज नाही तरी उद्या कामी येते. आणि तिसरं, ज्याच्यापुढे आजवर कोणी टिकलेलं नाही: कोनाच्या तरी कामी येते. हा 'कोणीतरी' आमच्या घरी कधी आलेला नाही, पण त्याच्यासाठी दोन वर्षांची रद्दी, संत्र्याच्या लाकडी पेट्या आणि मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, काळातलं बंद पडलेलं गजराचं घड्याळ हे सगळं तयार आहे. तो आला तर त्याला आयतं घर मांडून मिळेल.

संत्र्याच्या पेट्यांबद्दल दोन शब्द वेगळे लिहायला हवेत. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात आणि नागपूरच्या पंचक्रोशीत कोणाचा ना कोणाचा मामा बागायतदार असतोच. पेटी येते, संत्री चार दिवसांत संपतात, पेटी राहते. पेटीत पेटी बसत नाही, पेटीवर पेटी बसते. त्यामुळे आमच्या मागच्या गॅलरीत वर्षागणिक एक मजला चढतो. नगरपरिषदेकडून परवानगी घ्यायला हवी होती असं आता वाटतं.

पूर्वी या पेट्यांची सोय फाल्गुनी पौर्णिमेला लागायची. होळी हा आपल्याकडचा साफसफाईचा सगळ्यात जुनं खातं होतं. त्यात एकदा टाकलं की परत काढता येत नसे. सासूबाईंच्या माहेरी, हिंगणघाटकडच्या खेड्यात, होळीला शेणाच्या चाकोल्यांच्या माळा, मधोमध एरंडाची फांदी, पऱ्हाट्यांचे भारे आणि वर गावातल्या पोरांनी रात्री पळवलेला माल. कोणाचं फाटक, कोणाची मोडकी तिफण, कोणाचा ओट्यावरचा पाट. आदल्या रात्री अंगणातल्या बाजेवर मुद्दाम एखादं म्हातारं माणूस झोपवत, म्हणजे पोरांनी बाज नेली तरी म्हातारा ओरडेल. एका वर्षी म्हणे म्हाताऱ्याची झोप पोरांच्या कल्पनेपेक्षा गाढ निघाली. पुढचं सासूबाई दर वर्षी वेगवेगळं सांगतात, पण म्हातारा वाचला यावर सगळ्या आवृत्त्यांचं एकमत आहे.

आता होळीला द्यावं असं घरात आहे काय? दिवाण प्लायवूडचा, त्यावर सनमायका. टीव्हीचं टेबल भुशाच्या पाट्यांचं, पाण्याचा थेंब पडला तरी फुगतं. दार पीव्हीसीचं, खुर्च्या प्लॅस्टिकच्या, स्टूल फायबरचं. अग्नीला वाहावं असं अस्सल लाकूड म्हणाल तर एक पोळपाट आहे आणि तो रोज लागतो. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होळीच्या आठवडाभर आधीपासून सूचना येते: प्लॅस्टिक, रबर, टायर, थर्माकोल टाकू नये. ज्या गावात टायर बनतात तिथे हे लिहावंच लागतं. तरी एका वर्षी कोणीतरी अंधाराचा फायदा घेऊन कपाटाचं सनमायकावालं दार सरकवलं. धूर असा काही निघाला की प्रदक्षिणा घालणाऱ्या बायकांनी नारळ लांबूनच फेकले आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायला कोणी पुढे होईना. त्या रात्री होलिका राक्षसीण जळाली की आमच्या फुप्फुसांचा काही भाग, हे सांगता येत नाही.

मला नेहमी वाटतं, न दिसणारी घाण घराबाहेर घालवायची सोय आपल्या परंपरेत भरपूर आहे. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सुपं वाजवून अलक्ष्मीला हाकलावं असं धर्मसिंधूतही सांगितलं आहे. आणि नागपूरकरांनी तर यात कमालच केली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांतून मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले मोठाले पुतळे, निघतात. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, निघतात, बडग्यांच्या गळ्यात त्या-त्या वर्षाच्या भानगडींच्या पाट्या. लोक ओरडून सांगतात, घेऊन जा बाई, रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा, भ्रष्टाचार घेऊन जा. मारबत बिचारी सगळ्यांचं ऐकून घेते आणि जाळून घेते. पण मिक्सरचं फुटलेलं भांडं घेऊन जा असं म्हणायची कोणाची टाप आहे? अदृश्य गोष्टी गेल्या की नाहीत हे कोण तपासणार! मिक्सरचं भांडं मात्र दुसऱ्या दिवशी ओट्यावर तसंच दिसतं.

या सगळ्यात आमच्या घरी जपान आला.

आमचे हे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरला आहेत. मार्च म्हणजे स्टॉक मोजायचा महिना. प्रत्येक नट, प्रत्येक बेअरिंग कागदावर आणि रॅकवर जुळलं पाहिजे. २०२५ साली तर पाडवा ३० मार्चला आला आणि ३१ ला वर्ष बंद, त्यामुळे दोन्ही ठिकाणचा स्टॉक एकाच वेळी निघाला. कारखान्याच्या भिंतीवर ५ एसचा बोर्ड असतो: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. म्हणजे नको ते वेगळं काढा, हवं ते जागेवर लावा, झाडूनपुसून घ्या, त्याचा नियम करा आणि तो नियम पाळा. जपानी कारखान्यांत तयार झालेली ही शिस्त. त्यातल्या पहिल्या पायरीचं हत्यार म्हणजे रेड टॅग. जी वस्तू कामाची वाटत नाही तिला लाल कार्ड बांधायचं, त्यावर तारीख आणि कारण लिहायचं, ठरावीक मुदतीत कोणी दावा सांगितला नाही की तिचा निकाल.

एका रविवारी हे लाल कार्डांचा गठ्ठा घेऊन बैठकीत उभे राहिले. कार्डावर रकाने होते: वस्तूचे नाव, शेवटचा वापर, जबाबदार व्यक्ती, निर्णय. दुपारपर्यंत घर लग्नघरासारखं लाल झालं. बरणीला कार्ड, झाकणाला कार्ड, संत्र्याच्या पेट्यांना मजलावार कार्डं. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात सगळीकडे एकतर 'आई' किंवा माझं नाव. मी सहज मागच्या गॅलरीत गेले. तिथे यांची इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी होती, विकून टाकलेल्या स्कूटरची स्टेपनी होती, दोन जळलेल्या मोटारी आणि पोतंभर वायर. एकालाही कार्ड नाही.

"हे?"

"ते स्पेअर आहे."

"ज्याची स्कूटरच नाही त्याची स्टेपनी स्पेअर कशी?"

"तुला स्टोअरचं काही कळत नाही," असं म्हणून हे आत गेले. तेव्हा मला कळलं की सासूबाईंचं 'कामी येते' आणि यांचं 'स्पेअर' हे एकाच देवाचे दोन अवतार आहेत. मुलगा हा सगळा प्रकार पाहत होता. यांची त्या आठवड्यात रात्रपाळी, जेवून हे आडवे झाले आणि घोरायला लागले. उठले तेव्हा पायाच्या अंगठ्याला लाल कार्ड होतं. वस्तूचे नाव: पप्पा. शेवटचा वापर: आठवत नाही. जबाबदार व्यक्ती: आजी. निर्णय: स्पेअर.

रेड टॅगची मुदत संपायच्या आतच सासूबाईंनी मोहीम बंद पाडली, तीही न भांडता. त्यांनी सगळी कार्डं सोडून घेतली. कार्ड जाड, गुळगुळीत, एका बाजूनं कोरं. "कागद चांगला हाय बाई. मसाल्याच्या डब्यात चिठ्ठ्या लावाले कामी येते." कार्डांचे दोरेही त्यांनी वेगळे गुंडाळून ठेवले. म्हणजे घरातून वस्तू काढायला आणलेल्या सामानाचीच घरात दोन नवीन पुडकी झाली.

लेक कॉलेजला. तिनं मोबाइलवर मारी कोंडोबाई दाखवली. या बाईंचं म्हणणं असं की प्रत्येक वस्तू हातात घ्या आणि मनाला विचारा, हिच्यामुळे आनंद होतो का? होत असेल तर ठेवा, नाहीतर तिचे आभार मानून निरोप द्या. सासूबाईंना ही पद्धत मनापासून आवडली. त्यांनी दिवाणातली एकेक वस्तू हातात घेतली. घड्याळ घेतलं, ते मामाजींनी नागपूरच्या बडकस चौकातून आणलेलं, आनंद झाला. तुटक्या दांडीचा चष्मा घेतला, त्यातून मामाजी पेपर वाचायचे. आनंद झाला, थोडं रडूही आलं, पण आनंदच. भोक पडलेली किटली घेतली, तिच्यातून पाव्हण्यांना चहा दिलेला. पाव्हणे एकेक आठवले, त्यातले किती उरले ते मोजून झालं. संध्याकाळपर्यंत दिवाणातल्या प्रत्येक वस्तूनं आनंद दिलेला होता आणि प्रत्येक वस्तू परत दिवाणात गेली होती, आधीपेक्षा नीट घडी घालून. २०२३ मध्ये तर कोंडोबाईंनीच जाहीर कबूल केलं होतं की तिसरं मूल झाल्यापासून घर आवरण्याचा नाद आपण बऱ्यापैकी सोडला आहे. लेकीनं ती बातमी वाचून दाखवली. सासूबाईंनी मान हलवली. "पाय, लेकरंबाळं झाल्यावर कळते मानसाले."

तशी ही वसंतातली उलथापालथ आपलीच मक्तेदारी नाही. इराणात नवरोजच्या आधी घर अक्षरशः झटकून काढतात, गालिचेही सुटत नाहीत. ज्यू घरांत वल्हांडणाच्या सणाआधी पावाचा कण न् कण शोधतात, शेवटच्या रात्री मेणबत्ती आणि पिसाचा तुरा घेऊन. हे ऐकून मला त्या लोकांबद्दल आदर वाटला. त्यांना निदान नक्की काय शोधायचं ते माहीत असतं. आमच्याकडे शोध सुरू होतो कात्रीचा आणि तीन तासांनी सापडते ती माझ्या लग्नाच्या व्हिडिओची कॅसेट, जी लावायला आता या गावात यंत्र नाही. अर्थात ती ठेवलेली आहे. कोणाकडे तरी यंत्र असेलच.

शेवटचा उपाय म्हणून कबाडीला बोलावलं. हल्ली त्याच्या गाडीला भोंगा असतो आणि तो हिंदीतून पुराना लोहा, प्लास्टिक, रद्दी पेपर असं आळवत येतो. सासूबाई ओट्यावर बसल्या, तराजूकडे नजर रोखून. कबाड्यानं किटली उचलली, वजन पाहिलं आणि भाव सांगितला. त्याच क्षणी किटली विकाऊ राहिली नाही. "बावीस रुपये देते म्हणजे पितळ असन त्याच्यात," सासूबाई म्हणाल्या आणि किटली पदराखाली घेतली. मग त्यानं घड्याळ उचललं आणि म्हणाला, याचं काहीच येत नाही. सासूबाई भडकल्या. मामाजींच्या घड्याळाचं काहीच येत नाही? तेही आत गेलं. त्या दिवशी मला या घराचा अर्थव्यवहार उमगला. ज्याला भाव येतो ते विकायचं नाही आणि ज्याला येत नाही ते टाकायचं नाही. कबाडी अनुभवी माणूस. त्यानं रद्दीचे गठ्ठे मोजले आणि गाडी वळवली. तेवढ्यात सासूबाईंची नजर गाडीतल्या एका झाकणावर गेली. चिनीमातीचं, काठाला निळी रेघ. "थांब रे भाऊ." बरणी आणली गेली. झाकण बसलं. पंधरा रुपये देऊन ते विकत घेतलं गेलं. कबाडी आमच्या घरी माल विकून गेला.

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं? बरणी आता अख्खी होती. त्यात या वर्षीचं कैरीचं लोणचं जाणार होतं, आणि ते सासूबाईंनी घातलं म्हणजे चांगलंच होणार होतं.

पाडव्याच्या दिवशी पहाटे नवीन गोंधळ. गाठी तयार होत्या, त्या आमच्या विदर्भात होळीलाच येऊन पडतात आणि मुलांच्या नजरेतून वाचल्या तर पाडव्यापर्यंत पोचतात. कडुनिंबाचा डहाळा तयार, जरीचं खणाचं वस्त्र तयार, तांब्या घासून चकचकीत. गुढीची काठी सापडेना. सगळ्या घराची जागा बदललेली, प्रत्येक वस्तू 'व्यवस्थित' ठेवलेली, म्हणजे कोणालाच माहीत नाही अशा ठिकाणी. शेवटी ती जिन्याखाली सापडली. तिच्या टोकाला झाडू बांधलेला होता आणि झाडूला सगळ्या घराची जाळी. वर्षाकाठी ही काठी दोनच कामं करते आणि दोन्ही एकाच पंधरवड्यात. झाडू सोडला, काठीला आंघोळ घातली, हळदकुंकू लावलं. सूर्य वर आला तेव्हा ती अशी काही ऐटीत उभी राहिली की आदल्या संध्याकाळी ती कोळ्यांच्या मागे धावत होती हे शेजाऱ्यांनाही पटलं नसतं.

कूलर एव्हाना खिडकीत बसून गरगरत होता. नव्या ताट्यांचा ओला वास घरभर. आतल्या मंडळींपैकी आकाशकंदील कपाटात गेला, संक्रांतीच्या वाट्या मी शेजारणींना परत वाटल्या आणि त्यांनी मला त्यांच्या दिल्या. एकूण आवक-जावक बरोबर जुळली. यांचा ऑडिटर असता तर खूश झाला असता.

आणि तरी एक चमत्कार झाला होता. सज्ज्यावर कूलरच्या जागी चक्क मोकळी जागा होती. चौकोनी, स्वच्छ, धूळ पुसलेली. मी स्टुलावर चढून ती दोनदा पाहून आले. पावसाळ्यात कूलर वर जाईपर्यंत तिथे काहीही ठेवायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं. यांनी मान डोलावली, पण डोळे स्टेपनीकडे होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांचं ठरलेलं होतं.

दुपारी श्रीखंड-पुरी चालू असताना समोरच्या वहिनी दारात आल्या. हातात गाठीचं ताट.

"वहिनी, तुमचा कूलर निघाला वाटते?"

"हो ना, कधीचाच."

"आमचंही साफसफाईचं काढलं होतं. आमच्या आत्याबाईची शिलाई मशीन आहे ना जुनी, फेकवली जात नाही हो. तुमच्या सज्ज्यावर जागा झालीच आहे, तर पावसाळ्यापर्यंत..."

मी तोंड उघडायच्या आत आतून सासूबाईंचा आवाज आला. "आन बाई, आन. पायडलची हाय का? मंग तं कामीच येते!"